उंदीर, आगोट आणि वेतनवाढ

इतिहास म्हटला की आमच्या मालवणात माणूस प्रथम समुद्राकडे बोट दाखवतो. बोटाच्या टोकाला सिंधुदुर्ग असतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचा मुहूर्त झाला, आत शिवरायांच्या हातापायांचे चुन्यातले ठसे आहेत, ही माहिती होडीवाल्यापासून शहाळीवाल्यापर्यंत कोणीही देतो. त्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण एवढा मोठा इतिहास दारात उभा राहिला की बारीकसारीक इतिहास त्याच्या सावलीत दबून जातो. मालवणी माणूस कॉम्प्युटर कसा शिकला, हा विषय आजवर एकाही बखरकाराला सुचलेला नाही. यात तलवार नाही हे कबूल. पण वेढा आहे, तहाची मुदत आहे, शरणागती आहे आणि शेवटी थोडाफार विजयही आहे. एवढ्या सामग्रीवर लोकांनी तीन-तीन खंड लिहिले आहेत. आम्ही एका लेखात भागवतो.

पहिली गोष्ट अशी की, चांगलं चाललेलं असताना लिहिण्याचं साधन बदलण्याची आपत्ती मराठी कारकुनावर कॉम्प्युटरनंच आणली, असं मुळीच नाही. शेकडो वर्षं आपला सगळा कारभार मोडीत चालला. मोडी म्हणजे हात न उचलता भराभर लिहायची लिपी. कारकुनानं कारकुनासाठी केलेली सोय. १९१७ साली मुंबई सरकारनं ठरवलं की कारभार यापुढं बाळबोधीत चालावा. झालं! ज्यांच्या मोडीच्या वळणाकडे पाहून मामलेदार मान डोलवीत, ते एका फटक्यात जुने झाले. मोडी त्यानंतरही बरीच वर्षं जमाखर्चात आणि खासगी पत्रांत रेंगाळली, पण तिचा रुबाब गेला तो गेलाच. आज कोकणातल्या जुन्या घरात एक ट्रंक असते, ट्रंकेत मोडी कागदांचं एक बोचकं असतं, आणि ते वाचता येत नसल्यामुळं त्यात गुप्तधनाचा उल्लेख असणार अशी घरातल्या सर्वांची श्रद्धा असते. मोडी वाचणारा सापडला आणि कागद वाचून निघाला, की त्यात बहुधा एका फणसावरून दोन भावांत झालेला तंटा निघतो.

पण काळाचा न्याय पाहा. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुनी दप्तरं उघडली गेली आणि सरकारलाच मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. विद्या जुनी होते, मरत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मोडीनंतर आला टाइपरायटर. गोदरेजनं पहिला भारतीय टाइपरायटर काढला १९५५ साली. आणि मौज अशी की, त्याच वर्षी इंग्लंडहून निघालेला एक कॉम्प्युटर कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. म्हणजे थोरल्या आणि धाकट्या जावेनं एकाच दिवशी माप ओलांडावं, तसंच म्हणायचं. पण थोरली जाऊ कामाला लागली आणि धाकटीला गावापर्यंत यायला चाळीस वर्षं लागली. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, पुढं सरकारी कामात मराठी आली आणि मराठी टाइपरायटरला दिवस आले. जाहिरातीत एक मंत्र छापलेला असे : 'टंकलेखन इंग्रजी ४०, मराठी ३०'. हे मिनिटाला शब्द. मुलगा मॅट्रिक झाला की घरचे त्याला टायपिंगच्या क्लासला घालीत, आणि दोन सर्टिफिकिटं ट्रंकेत पडली की त्याची मुंबईला रवानगी होई. पुढचं काम मनीऑर्डरीचं. आमच्या कित्येक घरांचे वासे या ४० आणि ३० वर उभे आहेत.

त्यामुळं कॉम्प्युटर येणार, हे कानावर आलं तेव्हा मालवणात कोणालाही आनंद झाला नाही. साठीच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाचे कर्मचारी कॉम्प्युटरला इमारतीत पाऊल ठेवू देईनात. बँकांतल्या युनियननी बरीच घासाघीस करून १९८३ साली यंत्रांबाबत करार केला. या बातम्या वाचून आमच्याकडच्या ओट्यांवर एकच अर्थ निघाला : हे यंत्र माणसं खातं. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "ता मशीन आमच्या झिलाचा काम करतला, तर मनीऑर्डर कोण धाडतलो? मशीन?" या प्रश्नाचं उत्तर अर्थशास्त्राच्या थोर थोर प्राध्यापकांनाही सोप्या शब्दांत देता आलेलं नाही.

१९८१ च्या १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. जिल्हा आला की कचेऱ्या येतात आणि कचेऱ्यांमागून यंत्रं येतात. नव्वदीच्या दशकात आमच्या भागात कॉम्प्युटरचे पहिलेवहिले खासगी क्लास निघाले. ज्यांनी ते पाहिले त्यांना आठवत असेल की क्लास आणि देऊळ यांत फारसा फरक नसे. चपला बाहेर काढायच्या. आत पडदे ओढलेले, गारवा, कुजबुजता आवाज, आणि गाभाऱ्यात कापडाखाली झाकलेली मूर्ती. क्लासचे संचालक आधी कापड काढीत, घडी घालीत, मग बटण दाबीत. डॉस, वर्डस्टार आणि लोटस ही तिथली तीन स्तोत्रं. ती इंग्रजीतून पाठ म्हणायची. एक अक्षर चुकलं तर यंत्र रागावून 'बॅड कमांड' म्हणे. हा सारा सोपस्कार धुळीसाठी होता म्हणतात. वास्तविक आमच्याकडे धुळीचं भय नव्हतंच. आमचा शत्रू खारी हवा! जिनं तोफा खाल्ल्या, ती फ्लॉपीला सोडते काय? पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरे आणि वह्या जशा चुलीवरच्या उतरंडीजवळ सुकवाव्यात तशी मंडळी फ्लॉपी सुकवू पाहत.

तरीही इथवर सारं ऐच्छिक होतं. हौस असलेल्यानं शिकावं, नसलेल्यानं दशावताराला जावं. खरा वेढा पडला तो २००१ नंतर. त्या वर्षी राज्य शासनाच्या पुढाकारानं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली आणि तिनं एमएस-सीआयटी नावाचा अभ्यासक्रम काढला. परीक्षा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची. अमेरिकेत ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे गावातल्या कोणीही, कोणत्याही वयात, परवडेल अशा फीत जाऊन शिकावं अशी शाळा, तिची सुरुवात इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली झाली. बरोबर शंभर वर्षांनी आमच्या तालुक्याच्या गावांत किराणा दुकानाच्या माडीवर, फोटो स्टुडिओच्या मागल्या खोलीत, एस. टी. स्टँडसमोरच्या गाळ्यात हीच गोष्ट 'अधिकृत अध्ययन केंद्र' असा फलक लावून उभी राहिली. फलकावरचं नाव वाचायला जड होतं, पण लोकांनी ते लगेच सोपं केलं. "मुलगा काय शिकला?" या प्रश्नाला "बी. ए., एमएस्सीआयटी" असं उत्तर येऊ लागलं आणि एका दमात म्हटल्यामुळं मुलीकडच्यांना तो एम. एस्सी. वाटू लागला. यातून किती लग्नं जमली याची नोंद कोणत्याही मंडळाकडे नाही.

मग शासनानं पेच घट्ट केला. सेवेत असलेल्यांनीही ही परीक्षा द्यावी. मुदत : ३१ डिसेंबर २००७. तोवर उत्तीर्ण न होणाऱ्याची वेतनवाढ रोखली जाईल. पन्नाशी पार केलेल्यांना सूट.

या एका ओळीनं सरकारी कचेऱ्यांत जी खळबळ उडाली ती मुरारबाजीच्या पुरंदरावरही उडाली नसेल. आजवर प्रत्येक नोकरदार आपलं वय दोन वर्षांनी कमी सांगत आला होता. आता इतिहासात प्रथमच माणसं म्हातारी होण्यासाठी धडपडू लागली. पन्नासाला आठ महिने कमी असलेला माणूस सर्वांत दुःखी. त्यातून आमच्या पिढीच्या जन्मतारखा म्हणजे गुरुजींनी शाळेत घालताना अंदाजानं लिहिलेल्या. आई म्हणणार, "वादळाच्या वर्षाचो तू," आणि रजिस्टरात १ जून. अर्ध्या कचेरीचा वाढदिवस एकाच दिवशी! ज्या गुरुजींनी तेव्हा पोराला वर्षभर आधी शाळेत ढकलण्यासाठी वय वाढवून लिहिलं, त्यांना त्या काळात मरणोत्तर दुवा मिळाले. ज्यांनी खरं लिहिलं त्यांच्या नावानं बोटं मोडली गेली.

वेतनवाढ ही गोष्ट वाचायला क्षुल्लक वाटते. पण महिन्याचा मेळ ज्या घरात शेवटच्या आठवड्यात जुळत नाही, तिथं ती मुलीच्या हॉस्टेलची फी असते किंवा आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन असतं. आणि ती एकदा थांबली की पुढली सगळी शिडी एका पायरीनं खाली सरकते. मुदतीनंतर उत्तीर्ण झालेल्यांकडून वसुली करावी की नाही, याचे वाद पुढं कित्येक वर्षं चालले. तेव्हा पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची पोक्त माणसं संध्याकाळी डबा, छत्री आणि मिशा घेऊन माडीचा जिना चढू लागली, ती हौसेनं नव्हे.

आता प्रत्यक्ष विद्येविषयी. विद्येचा आरंभ उंदरापासून होई. याचं कित्येकांनी हसं केलं, पण विचार केला तर हे शास्त्राला धरूनच आहे. विद्येची देवता गणपती, त्याचं वाहन उंदीर. तेव्हा आधी वाहन ताब्यात घ्यायचं. ते काही येत नसे. पडद्यावरचा बाण घराच्या आढ्यावरच्या पालीसारखा सरसर पळे आणि कोपऱ्यात जाऊन बसे. "ह्येका धरूचो कसो, गो?" असा आर्त सवाल प्रत्येक टेबलावरून उठे. यावर तोड म्हणून शिकवणारे पत्त्यांचा डाव लावून देत. सॉलिटेअर हा खेळ १९९० साली विंडोजमध्ये घातला गेला, तोही लोकांना उंदीर सरकवायची सवय लागावी म्हणून. पत्ते म्हटल्यावर आमची माणसं खुलली. आठवड्यात हात बसला. सरकारी फीमध्ये सरकारी वेतनवाढीसाठी पत्ते कुटायला मिळणं, हा भाग्ययोग तेव्हाचाच.

बाकीचे धडे मात्र आम्हाला आधीपासून येतच होते, फक्त नावं माहीत नव्हती. 'सेव्ह करा, सेव्ह करा' असा घोष शिकवणारी मुलगी दर पाच मिनिटांनी करी, कारण जून लागला की वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. पुरुषमंडळी हटकून विसरत आणि तासाभराचं लेखन अरबी समुद्रात जाई. बायका कधीही विसरल्या नाहीत. जी बाई मृगाआधी मीठ, कोकमं, कुळीथ, सुके बांगडे भरून आगोटीची बेगमी करते, तिला 'वादळाआधी साठवून ठेव' हे कोणी शिकवायचं? एक्सेलचंही तेच. रांपणीला किती माणसं, कोणाचे किती वाटे, हा हिशेब आमचे लोक वाळूवर काटकीनं उभ्या-आडव्या रेघा मारून करत आले. रेघा त्याच, फक्त बेरीज आपोआप होते, आणि भांडण मात्र पूर्वीप्रमाणं हातानंच करावं लागतं.

अडलं ते पॉवरपॉइंटपाशी. दशावताराची संहिता लिहिलेली नसते, तरी नट रात्रभर बोलतो. पॉवरपॉइंटमध्ये सगळं लिहिलेलं असतं आणि माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. हा धडा आमच्या संस्कृतीला मानवला नाही तो नाहीच.

सगळ्यांत हाल झाले ते टंकलेखकांचे. वाटलं होतं की ही माणसं पुढं जातील. बोटं तयार आहेत. पण मराठी टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. कॉम्प्युटरच्या इनस्क्रिप्ट पद्धतीत आधी अक्षर, मग वेलांटी, कारण उच्चारात ती मागून येते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. तर्क बिनतोड! पण तीस वर्षं 'कि' मधली वेलांटी आधी मारलेल्या बोटाला तर्क कोण सांगणार? एका टंकलेखकानं डोळे मिटून कळफलकावर हात ठेवले आणि दोन मिनिटं तसाच बसून राहिला. ४० आणि ३० वाला माणूस मिनिटाला ४ वर आला होता. त्याच्या पोटावर नव्हे, पण मानावर पाय पडला होता, आणि तो कोणत्याही शासन निर्णयात मोजलेला नव्हता.

त्यात अक्षरांचा घोळ. तेव्हाचे बरेच मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी मुखवटे चढवलेले. मुखवटा ज्या यंत्रात नाही, तिथं आतलं इंग्रजी उघडं पडे. एका कचेरीनं दुसरीला पाठवलेलं अत्यंत तातडीचं पत्र पडद्यावर उघडलं की फिरंगी मंत्रासारखं दिसे आणि शेवटी शिपाई तेच पत्र कागदावर घेऊन एस. टी.त बसे. युनिकोडनं प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला, तेव्हा कुठं हा फार्स थांबला. विंडोजबरोबर येणारी 'मंगल' ही अक्षरं घडवली ती आपल्या र. कृ. जोशींनी. सुलेखन जाणणाऱ्या मराठी कवीच्या हाताचं वळण असं देशभरच्या कारकुनांच्या पडद्यावर उमटलं. पण त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत लिहून ठेवलेलं कितीतरी मराठी आता धड वाचता येत नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद लिपी शिकून वाचता येतो. १९९६ ची फ्लॉपी मात्र घालायला जागाच नाही. मघाचं वाक्य आठवा. विद्या मरत नाही, पण यंत्रं मरतात आणि जाताना कागदपत्रं बरोबर घेऊन जातात.

या सगळ्या रणधुमाळीत आमच्या ओळखीच्या एका प्राथमिक शिक्षकांची गोष्ट सांगायलाच हवी. वय अठ्ठेचाळीस, अक्षर मोत्यासारखं, छडीही तशीच दाणेदार. ते माडीवर पोचले तर शिकवायला उभी असलेली मुलगी त्यांच्याच चौथीतली. क्षणभर दोघांनाही जिना उतरून पळून जावंसं वाटलं. मग ती म्हणाली, "गुरुजीनू, बसा." ते बसले. ती मात्र बसली नाही. तीन महिने त्यांच्या टेबलापाशी आली की ती उभ्यानंच शिकवी. बाकीच्यांकडे खुर्ची ओढून बसे. गुरुजी पहिला महिनाभर तिला "अगो" म्हणत होते. त्यांचं बोट कळफलकावर लेंगरलं की ती हळूच म्हणे, "घाई नाय, गुरुजीनू. तुमी माका पाढे शिकवलात तेव्हा मीय अशीच अडकतंय." परीक्षा झाली, गुरुजी उत्तीर्ण झाले, मुदतीत झाले. वेतनवाढ वाचली. पेढे घेऊन ते माडी चढले, साऱ्या वर्गादेखत तिच्यापुढं पुडा धरला आणि म्हणाले, "घ्या, बाई." आमच्याकडे शिकवणारीला बाई म्हणतात. या एका शब्दाला किती वेतनवाढी लागतात, ते ज्याला कळायचं त्याला कळलं.

सरकारी भाषेत इथं मोहीम फत्ते झाली. पण सर्टिफिकेट मिळालेले कित्येक जण परीक्षेनंतर यंत्राकडे फिरकले नाहीत. खरं शिक्षण झालं ते गरज पडली तेव्हा. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, २००२ पासून तिकीट घरबसल्या मिळू लागलं, आणि गणपतीच्या गाडीचं आरक्षण हे कोकणी माणसाचं महाविद्यालय झालं. आधी एकशे वीस दिवस, आणि नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस मोजून सकाळी आठच्या ठोक्याला जो चाकरमानी बटण दाबतो, त्याच्या बोटाची चपळाई मिनिटाला चाळीस शब्दांना मागं टाकील. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा एका माडाच्या बेचाळीस हिस्सेदारांनी बेचाळीस ठिकाणांहून तो उघडला आणि आपलं नाव आहे ना, याची खात्री केली. तारकर्ली-देवबागला ज्या काकी सोलकढी करतात, त्या पाहुण्यांचं आरक्षणही मोबाईलवर घेतात. आणि ज्या आजीनं जन्मात उंदीर हातात धरला नाही, ती कॅलिफोर्नियातल्या नातवाला पडद्यावर दटावते, "जेवलंस काय रे? बारीक दिसतंस." तिला कोणी मुदत घालून दिली नव्हती.

आता म्हणे कळफलकाचीही गरज उरली नाही. फोनपुढं तोंडानं बोललं की मराठी अक्षरं आपोआप उमटतात. आम्ही खात्री करून घेतली. पुस्तकी मराठी बोललं तर यंत्र शहाण्यासारखं लिहितं. पण ओट्यावर बसून "खंय गेललंस रे सकाळपासना?" म्हटलं की ते गडबडतं आणि भलतंच काहीतरी टाइप करतं. शंभर वर्षांत लिपी, टाइपरायटर आणि कॉम्प्युटर असं सगळं आमच्या माणसानं शिकून झालं. आता शिकायची पाळी यंत्राची आहे. मालवणीसाठी त्याला मुदत किती द्यायची ते सावकाश ठरवू. तोवर वेतनवाढ मात्र रोखून धरलेली बरी.